धर्मराजाचे श्वान आणि आपली अग्रशाळा

या अंकातील पाठासाठी आम्ही महाभारताच्या सतराव्या, म्हणजे महाप्रस्थानिक पर्वातील कथा घेतली आहे. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. आजीच्या मांडीवर बसून ती ऐकली नाही असे घर आपल्या सभासद कुटुंबांत क्वचितच सापडेल. तरीही ती पुन्हा सांगण्याचे कारण असे की, गेल्या पावसाळ्यात ती आम्हांस नव्याने शिकावी लागली. आणि ज्या रीतीने आम्ही ती शिकलो ती रीत काही भूषणावह नव्हती.

आम्ही शास्त्री-पंडित नव्हे. आमचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरतेच. पुढे वडिलांच्या हाताखाली पूजाविधी शिकलो व रविवारी सायंकाळी देवळाच्या चौकात मुलांचा संस्कारवर्ग घेतो, इतकाच आमचा अधिकार. चूकभूल जाणत्यांनी सुधारून घ्यावी.

कथा

राज्य नातवाच्या स्वाधीन करून पाच पांडव व द्रौपदी वल्कले नेसून निघाली. त्यांच्यामागून एक कुत्रा चालू लागला. त्यास कोणी बोलाविले नव्हते आणि कोणी हाकललेही नाही. वाटेत प्रथम द्रौपदी पडली. मग सहदेव, नकुल, अर्जुन व शेवटी भीम. उरले दोघेच, युधिष्ठिर आणि तो कुत्रा.

तेव्हा इंद्र रथ घेऊन आला व सदेह स्वर्गास चल म्हणाला. युधिष्ठिराने विचारले, या कुत्र्याचे काय? इंद्राचे उत्तर असे की, कुत्रे बाळगणारास स्वर्गात जागा नाही. त्यास येथेच सोड, यात निर्दयपणा काही नाही. युधिष्ठिर म्हणाला, जो आपला आश्रय धरून आला त्यास स्वतःच्या सुखासाठी टाकणे हे महापाप होय. ते माझ्याने होणार नाही. इंद्राने पुन्हा कोटी केली: भावांस सोडलेस, पत्नीस सोडलेस, मग कुत्र्याचाच एवढा मोह का? त्यावर युधिष्ठिराने सांगितले की, ती मरण पावली तेव्हा सोडली. मेलेल्यांस परत आणणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांपैकी कोणासही टाकले नाही. तोच तो कुत्रा नाहीसा झाला व त्याच्या ठायी साक्षात् धर्म उभा राहिला.

आपण ही कथा सांगतो तेव्हा कुत्रा धर्म होता या शेवटावर भर देतो. परंतु युधिष्ठिरास हे ठाऊक नव्हते. त्याच्या लेखी ते एक साधे, धुळीने माखलेले, उपाशी जनावर होते. आणि दुसरी एक गोष्ट आपल्या ध्यानातून सुटते. त्या क्षणी युधिष्ठिर राजा नव्हता. त्यास घर नव्हते, भाऊ नव्हते, शिदोरी नव्हती. अंगावर वल्कले आणि पायाशी कुत्रा, एवढाच त्याचा संसार. आजच्या भाषेत बोलावयाचे तर दारी उभा असलेला तो एक बेघर मनुष्य होता, आणि द्वारावरचा अधिकारी त्यास सांगत होता की, तू आत ये, कुत्रे बाहेर ठेव.

आमच्यावर आलेला प्रसंग

गेल्या श्रावणातील गोष्ट. एक वृद्ध गृहस्थ काही महिने देवळाच्या तळीपलीकडील बंद दुकानाच्या पडवीत राहत असत. बेळगावकडील बोली. दिवसा पुठ्ठे व बाटल्या वेचून विकत. त्यांच्याबरोबर तांबूस रंगाची एक कुत्री असे. तिचे नाव राणी. गळ्यात पट्टा नव्हता, लुगड्याच्या काठाची पट्टी बांधलेली होती. देवळात प्रसाद मिळाला की ते पायरीवर बसून अर्धा तिच्यापुढे ठेवीत आणि तिने तोंड लावल्यावर मग स्वतः खात. आम्ही हे नित्य पाहत असू आणि, खरे सांगावयाचे तर, प्रसाद कुत्र्यास घालतात म्हणून मनातून थोडे रागावतही असू.

एका रविवारी संस्कारवर्गात आम्ही मुलांस वरील कथा सांगितली. मुले रंगून गेली. त्याच रात्री मुसळधार पाऊस लागला. दुकानाच्या पडवीत पाणी शिरले, तेव्हा ते गृहस्थ भिजत अग्रशाळेच्या दाराशी आले. कुलूप उघडण्यास वडिलांनी आम्हांस पाठविले होते. आम्ही म्हणालो, "या बाबा, आत या, पण कुत्री बाहेर बांधा. जनावरांस अग्रशाळेत घेण्याचा नियम नाही." त्यांनी वाद घातला नाही. क्षणभर राणीकडे पाहिले, आम्हांस हात जोडले आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वो भटजी, आम्ही बघतो कुठं तरी." आणि दोघेही पावसात निघून गेली.

आम्ही कुलूप लावून घरी आलो. वडिलांनी विचारले, "आले का ते?" आम्ही सर्व सांगितले. वडील संध्याकाळची पोथी बासनात बांधीत होते. ते इतकेच म्हणाले, "सकाळी मुलांना कुणाची गोष्ट सांगितलीस रे?"

आम्हांस उत्तर सुचेना. युधिष्ठिराची गोष्ट सांगून आम्ही रात्री इंद्राच्या जागी उभे राहिलो होतो. आणि इंद्र निदान परीक्षा तरी घेत होता. आम्ही खरोखरच दार लावून घेतले होते.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ तापाने फणफणलेले बाजारात पडून असल्याचे कळले. कोणीतरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलाविली. ती आली, परंतु ते चढेनात. "मी जातो वो, पण राणीला कोण बघणार? परत येईपतोर तिला गाडीत घालून नेतील," एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत. शेवटी वडील सोवळे उतरवून तेथे गेले. त्यांच्या हातून ती लुगड्याची पट्टी आपल्या हाती घेतली व म्हणाले, "ही आमच्या अंगणात राहील. तुम्ही बरे होऊन या." तेव्हा कोठे ते गाडीत बसले.

राणी आमच्या अंगणात फणसाखाली अकरा दिवस राहिली. पहिले दोन दिवस तिने अन्नास तोंड लाविले नाही. ते गृहस्थ परतले तेव्हा त्यांनी प्रथम तिची बरगडी चाचपून पाहिली, मग आमच्या मातोश्रींस नमस्कार केला.

बेघर म्हणजे बेवारशी नव्हे

या प्रसंगातून एक गोष्ट आमच्या मनावर ठसली, आणि तोच या पाठाचा गाभा आहे. ज्या कुत्र्याचा मालक रस्त्यावर राहतो त्यास आपण भटके, बेवारशी म्हणतो. पण ते बेवारशी नाही. त्यास माणूस आहे. त्या माणसास घर नाही, इतकेच. आणि तो माणूसही निराधार नाही. त्याचा एक आधार त्याच्या पायाशी बसलेला आहे. तो आधार काढून घेऊन आपण त्यास मदत करू लागलो तर ती मदत तो नाकारील. आणि नाकारील यात त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर म्हणून मोजली गेली. नागरी निवाऱ्यांविषयीच्या शासकीय धोरणात एक लाख लोकवस्तीमागे शंभर माणसांची सोय असलेला एक कायम निवारा असावा असे प्रमाण घातलेले आहे. त्या प्रमाणात जनावराचा विचार नाही. ज्याच्याजवळ कुत्रे आहे तो मग पडवी, पूल किंवा फलाट पसंत करतो. रात्री त्याच्या चार भांड्यांची राखण तेच कुत्रे करते, थंडीत ऊबही तेच देते. दिवसभरात त्याच्या हाकेला ओ देणारा दुसरा जीव कित्येकदा त्यास मिळत नाही.

अन्य देशांतही असेच आढळून आले आहे. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ लेस्ली अर्विन यांनी बेघर माणसे व त्यांची जनावरे यांविषयी लिहिलेला ग्रंथ २०१३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या आधी जनावरास खाऊ घालणे हे कित्येकांस आपल्या सचोटीचे लक्षण वाटते, असे त्यात दिसते. लंडनमध्ये २०१६ साली जेड स्टॅट व सॅम जोसेफ या दोघा पशुवैद्यांनी स्ट्रीटव्हेट ही संस्था काढली. तिचे वैद्य औषधांची पिशवी पाठीला लावून रस्त्यावर जातात व बेघर लोकांच्या कुत्र्यांवर विनामूल्य उपचार करतात. निवारागृहांनी माणसास त्याच्या जनावरासह आत घ्यावे यासाठीही ती संस्था खटपट करते. आपल्या देवस्थानास एवढा व्याप झेपणार नाही हे उघड आहे. पण आपल्याजवळ स्वयंपाकघर आहे, अग्रशाळा आहे आणि गावात शब्दास मान आहे. एवढ्यावर काय करता येईल ते पुढे सांगतो. वैद्यकीय माहिती गावच्या पशुवैद्य डॉक्टरांस विचारून घेतली आहे.

अन्न कसे द्यावे

नामदेवमहाराजांची भाकरी कुत्र्याने पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. त्या कथेत दान आहेच, पण दानाची रीतही आहे. उरलेले, आंबलेले, कोणासही नको असलेले ते कुत्र्याला, ही आपली नेहमीची समजूत. नामदेव उरलेले टाकण्यास धावले नाहीत, कमी पडले ते देण्यास धावले.

पहिला नियम असा की, अन्न कुत्र्यापुढे टाकू नये. त्याच्या मालकाच्या हाती द्यावे. तो त्याचा पोशिंदा आहे. आपण परस्पर कुत्र्यास खाऊ घालू लागलो तर त्या माणसाजवळ उरलेला थोडाबहुत मानही आपण काढून घेऊ. शिवाय कुत्र्यास कोणाच्याही हातचे खाण्याची सवय लागली तर विषबाधेचे व चोरीचे भय वाढते.

दुसरे, सर्व प्रसाद कुत्र्यास चालत नाही. मनुका व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरू शकतात, म्हणून ते घातलेला शिरा किंवा खीर देऊ नये. कांदा व लसूण यांनी त्याच्या रक्तास अपाय होतो; देवळाच्या स्वयंपाकात ते नसतात, पण घरून अन्न आणणारांनी हे लक्षात ठेवावे. चॉकलेट मुळीच देऊ नये. लोणचे, तळण, झणझणीत आमटी देऊ नये. शिजविलेली हाडे चिरफळतात व घशात किंवा आतड्यात रुततात. पुष्कळ मोठ्या कुत्र्यांस दूध पचत नाही व जुलाब होतात. दही-भात त्याहून बरा.

साधा मऊ भात, बिनफोडणीचे वरण, शिजविलेला भोपळा किंवा गाजर हे आपल्या स्वयंपाकघरातून सहज देता येईल. त्यावर कुत्र्याचे पुरे पोषण होत नाही, कारण त्यास मांसान्नातील सत्त्वेही लागतात. ज्या घरांत मत्स्याहार आहे त्यांनी काटे काढलेला मासा किंवा उकडलेले अंडे आपल्या घरून, देवळाबाहेर द्यावे. तयार कोरडे खाद्य देणे असेल तर पंधरा किलो वजनाच्या मोठ्या कुत्र्यास दिवसाला सुमारे पाव किलो पुरते. मोठी गोणी देऊ नये. रस्त्यावरचा माणूस ती ठेवणार कोठे? पावसाने भिजेल किंवा उंदीर-घुशी खातील. घट्ट झाकणाचा डबा द्यावा व त्यात चार दिवसांपुरते भरून द्यावे. डबा संपला की तो पुन्हा येईल आणि त्या निमित्ताने त्याची विचारपूसही होईल.

तिसरे, पाणी. तेवढ्याच वजनाच्या कुत्र्यास दिवसाला साधारण पाऊण ते एक लिटर पाणी लागते, चैत्र-वैशाखात त्याहून अधिक. तळीचे पाणी त्याने बाटवू नये असे आपल्यास वाटत असेल, तर बाहेरच्या नळाजवळ एक सिमेंटची कुंडी ठेवणे हे आपले काम आहे.

लस व औषध

गोव्यातील लोकांस रेबीजविषयी फार सांगावयास नको. मिशन रेबीज ही संस्था व राज्य शासन यांनी मिळून येथे गावोगाव कुत्र्यांस लस टोचली. २०२१ साली शासनाने सारे राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित केले. त्याआधीच्या तीन वर्षांत राज्यात या रोगाने एकही मनुष्य दगावला नव्हता. परंतु रोगास सीमा ठाऊक नसते. लस टोचण्यात खंड पडला की तो पुन्हा शिरतो. शंभरातील निदान सत्तर कुत्र्यांस लस टोचलेली असेल तर रोगाची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बेघर माणसाचे कुत्रे बाजारात, फलाटावर, देवळाच्या पायरीवर असते. म्हणजे सर्वांत अधिक माणसांच्या जवळ असते. त्याची लस ही केवळ दया नव्हे, आपल्या मुलाबाळांचेही रक्षण आहे.

पिल्लू तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचावी व पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, पुन्हा टोचून घ्यावी. लसीचा दाखला रस्त्यावर टिकत नाही. तो प्लास्टिकच्या पाकिटात घालून देवस्थानच्या कपाटात ठेवावा व त्याची एक प्रत मालकास द्यावी. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असावा, त्यावर देवस्थानच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक असावा. पट्टा आणि दाखला ही दोनच साधने असे कुत्रे बेवारशी नाही हे सांगू शकतात.

याची निकड आता वाढली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटक्या कुत्र्यांस निर्बीजीकरण व लस यांनंतर मूळ ठिकाणी सोडावे, पिसाळलेली व आक्रमक कुत्री मात्र सोडू नयेत, आणि खाऊ घालण्यास प्रत्येक प्रभागात जागा नेमून द्याव्यात, असे सांगितले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा आवारांतील भटकी कुत्री तेथून हलविण्यास व पुन्हा तेथे न सोडण्यास सांगितले. चावे घेतलेल्या मुलांच्या आईबापांचे दुःख आम्ही जाणतो. त्याविषयी आमचा वाद नाही. पण बेघर माणूस निजतो तो स्थानकावरच. त्याच्या कुशीतील कुत्र्यास पट्टा नसेल तर उचलणारास ते भटकेच दिसणार. म्हणून लस, निर्बीजीकरण, पट्टा व दोरी या चार गोष्टींत आपण त्यास साहाय्य केले तर कायदाही पाळला जाईल आणि दोघांची ताटातूटही होणार नाही. नगरपालिका किंवा पंचायत येथे नोंदणीची जी रीत असेल तीही विचारून घ्यावी.

निर्बीजीकरणाविषयी एक सूचना. शस्त्रक्रियेनंतर जखम भरेपर्यंत जनावर कोरड्या व स्वच्छ जागी असावे लागते. ज्यास छप्पर नाही तो मालक कितीही समजूतदार असला तरी ही जागा आणणार कोठून? येथे आपण दहा-बारा दिवसांचा आसरा देऊ शकलो तर मोठे काम होईल. गोचीड, जंत व लूत यांवरील औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत. माणसाची औषधे कुत्र्यास कधीही देऊ नयेत.

आणि कुत्रे ओळखीचे असले तरी चावा घेतल्यास किंवा नख लागल्यास जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लसीचा पूर्ण क्रम घ्यावा. हळद, चुना, तिखट काही लावू नये. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून मनुष्य वाचत नाही असेच समजावे.

एक शंका

काही ज्येष्ठ सभासद विचारतील, आणि आम्हांस विचारलेही, की कुत्र्यास देवळाच्या आवारात आणणे शास्त्रास धरून आहे काय? शंका प्रामाणिक आहे. आम्ही ती वडिलांपुढे ठेविली. ते म्हणाले की, कुत्र्यास गर्भकुडीत किंवा चौकात न्या असे कोणी म्हणत नाही. शुचितेचे नियम जेथले तेथे राहतील. पण अग्रशाळा ही देवाची खोली नव्हे. वाटसरूस टेकता यावे म्हणून पूर्वजांनी ती बांधली आहे.

पुढे त्यांनी आणखी काही दाखले दिले. गृहस्थाने वैश्वदेवानंतर जे बळी काढावयाचे त्यांत कावळ्याचा घास आहे तसा कुत्र्याचाही आहे. दत्तप्रभूंच्या प्रतिमेत पायांशी चार कुत्री असतात, ती आपण कधी पुसून टाकीत नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात समदृष्टीचे लक्षण सांगताना भगवंतांनी विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्याबरोबर कुत्रा आणि समाजाने दूर लोटलेला मनुष्य यांस एकाच ओळीत शेजारी शेजारी बसविले आहे. आमच्या पायरीवर ती जोडी किती महिने बसलेली होती. आम्हांस ती ओळ पाठ असून दिसली नाही.

महाभारताच्या आदिपर्वातही कुत्र्याची एक कथा आहे. जनमेजयाच्या सत्रात सरमेचे पिल्लू आले. त्याने हविर्द्रव्यास तोंड लावले नाही, तिकडे पाहिलेही नाही. तरी राजाच्या भावांनी त्यास मारले. सरमेने येऊन विचारले, माझ्या पिल्लाचा अपराध काय? त्यास कोणी उत्तर देऊ शकले नाही, आणि तिचा शाप राजास भोवला. निरपराध कुत्र्यास हाकलण्याचा दोष या ग्रंथाच्या आरंभी सांगितला आहे, आणि आश्रित कुत्र्यास न टाकण्याचे पुण्य त्याच्या अखेरीस. एवढ्या मोठ्या ग्रंथात व्यासांनी हे दोन्ही उगाच घातले असेल असे आम्हांस वाटत नाही.

काय करावे

आमच्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी सुचवितो.

पहिली, अग्रशाळेच्या मागची पडवी. तिला स्वतंत्र दार आहे व ती स्वयंपाकघरापासून दूर आहे. पावसाळ्याचे चार महिने व आजारपणाच्या वेळी, ज्याच्याजवळ दोरीस बांधलेले व लस टोचलेले जनावर आहे अशा बेघर मनुष्यास ती जनावरासह द्यावी. सफाईची जबाबदारी घेण्यास संस्कारवर्गातील मोठी मुले व आम्ही तयार आहोत.

दुसरी, एक वही. आपल्या परिसरात जनावर बाळगून रस्त्यावर राहणारी माणसे किती, त्यांचे कुत्रे-मांजर कोणते, लस केव्हा झाली, हे त्यांच्या संमतीने त्यात लिहावे. त्यांस धाक वाटेल असे काही विचारू नये.

तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. मालक रुग्णालयात गेला असता त्याचे जनावर काही दिवस सांभाळतील अशी पाच-सहा घरे हवीत. अंगण असलेल्या घरांनी आपले नाव कार्यालयात द्यावे. उपचारावाचून माणूस मरू नये आणि माणसाच्या उपचारापायी त्याचा सोबती हरवू नये, एवढाच यामागील हेतू आहे. पहिले नाव वडिलांनी आमच्या घराचे लिहिले आहे.

पडवीचा विषय येत्या सर्वसाधारण सभेपुढे येईल. सभेचा निर्णय काय होईल हे आम्हांस सांगता येत नाही, आणि नियम मोडून काही करावे असेही आम्ही म्हणत नाही. नियम सभेने केला, सभाच तो बदलू शकते. सभेस येताना प्रत्येकाने एवढाच विचार करून यावे की, त्या पावसाच्या रात्री किल्ली आपल्या हाती असती तर आपण काय केले असते.

ते वृद्ध गृहस्थ हल्ली पूर्वीच्याच जागी असतात. राणीस लस टोचली आहे. तिच्या गळ्यात आता चामड्याचा पट्टा आहे. लुगड्याची पट्टी मात्र त्यांनी फेकली नाही, पट्ट्यासच गुंडाळून ठेविली आहे. प्रसाद मिळाला की अजूनही ते प्रथम तिच्यापुढे ठेवितात. आम्ही आता बेदाणे वेचून काढून देतो.

घरी विचार करण्यासाठी

१. युधिष्ठिराच्या कुत्र्याने त्याच्यासाठी काही पराक्रम केल्याचे कथेत कोठेही सांगितलेले नाही. मग युधिष्ठिराने त्याचे कोणते ऋण मानले असेल?

२. आपल्या घरातून जनावरांस जे अन्न दिले जाते ते टाकावयाचे म्हणून दिले जाते, की द्यावयाचे म्हणून?

३. आपल्या वाटेवर जनावरासह राहणारा एखादा मनुष्य आहे काय? त्याच्या जनावराचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? नसेल तर मुलांसह जाऊन विचारावे. आमचा अनुभव असा की, तेवढ्यावरून तो मनुष्य बोलू लागतो.